फलकावरचे रंग

चित्रपटगृहाच्या दर्शनी भागात, काचेमागे टाचलेली छायाचित्रे निरखून पाहायची आणि मगच तिकीट-खिडकीकडे वळायचे, ही नागपूरच्या प्रेक्षकांची जुनी रीत. सीताबर्डीवरील व्हरायटी चौकाचे नाव चित्रपटगृहावरून पडले, हे आता तरुण पिढीला सांगावे लागते. एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून मिटली आणि कोठीतील छायाचित्रांचे गठ्ठे वजनावर रद्दीत निघाले. त्यांतून निवडून, पुसून, जपून ठेवणारे मोजकेच हौशी लोक निघाले. संगीतप्रधान चित्रपटांची रंगीत छायाचित्रे हा त्यांच्या विशेष ओढीचा विषय.

ही छायाचित्रे चित्रपटाच्या फितीतून कापून काढलेली असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. स्थिर छायाचित्रे घेणारा वेगळा छायाचित्रकार सेटवर हजर असे. दृश्य चित्रित झाले की कलावंतांना पुन्हा त्याच पवित्र्यात उभे करून तो आपले चित्र टिपी. मुंबईत दामोदर कामत यांच्या ‘कामत फोटो फ्लॅश’ने या कामात मोठे नाव मिळवले. छायाचित्रांचे संच वितरकाकडे येत. चित्रपटधंद्याच्या नकाशावर आपला भाग ‘सी. पी. बेरार’ या जुन्याच नावाने ओळखला जातो आणि अमरावती हे त्याचे वितरणाचे मोठे ठाणे. रिळांच्या डब्यांसोबत संच एका गावाहून दुसऱ्या गावी फिरे. कोपऱ्यांवर टाचण्यांची भोके पडत, कडा दुमडत. कोऱ्या करकरीत प्रतीपेक्षा अशी फिरलेली प्रत जाणकाराला अधिक विश्वासाची वाटते, आणि ते योग्यच आहे.

रंगांची गोष्ट थोडी निराळी. त्या काळी रंगीत छपाई महाग होती. म्हणून कित्येकदा कृष्णधवल छायाचित्रावरच हाताने पारदर्शक रंग चढवीत. हॉलिवूडच्या संगीतपटांचीही प्रसिद्धी-चित्रे अनेकदा अशीच तयार होत. त्यामुळे नायिकेच्या साडीचा छायाचित्रातील रंग पडद्यावरच्या रंगाशी जुळेलच असे नाही. व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) टेक्निकलरमध्ये आला, पाठोपाठ ‘नवरंग’ (१९५९). कोल्हापूरच्या या दिग्दर्शकाचे वडील जैन होते, हे आपल्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेलच. गोपीकृष्ण आणि संध्या यांची नृत्यमुद्रा ज्या छायाचित्रात नेमकी पकडली गेली आहे, ते संग्राहक सहसा हातचे सोडत नाही.

हे सारे निव्वळ हौसेपुरते असते, तर त्यावर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. सात गाण्यांचा तो चित्रपट आज ओळखला जातो तो छायाचित्रे आणि जाहिराती यांवरून. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येने भस्मसात झाल्या. मूळ माल बुडाल्यावर पावतीलाच मोल येते, हे व्यापाऱ्याला कोणी समजावून सांगायला नको.

खरेदी करताना भिंग जवळ असावे. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, अस्सल छायाचित्रात ती नसते. मागील बाजूस शिक्का आहे काय, तेही पाहावे. जतनाच्या बाबतीत नागपूरच्या उन्हाळ्याला सारेच दोष देतात. पण छायाचित्रांचा खरा शत्रू कूलर आहे. कूलरच्या दमट खोलीत ठेवलेला अल्बम दोन-चार उन्हाळ्यांतच चिकटू लागतो. चिकटपट्टी आणि स्वस्त प्लास्टिकची पाकिटे तर पूर्ण वर्ज्य. अंधारी, कोरडी जागा आणि आम्लरहित कागद एवढे पुरेसे असते. उन्हात टांगलेल्या चौकटीतील रंग उडतातच, त्याला इलाज नाही.

कायद्याची एक बाजू अनेकांच्या ध्यानात येत नाही. छायाचित्राची प्रत विकत घेतली म्हणजे त्यावरील स्वामित्वहक्क विकत घेतला असे होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे पन्नासच्या दशकातील प्रकाशित चित्रे आता बहुतांशी मोकळी झाली आहेत. सत्तरच्या दशकातील नाहीत. दिनदर्शिका किंवा भेटकार्डे छापू पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

दुकानातील सुईदोऱ्याचीही नोंद ठेवणाऱ्या घरांत या पेटीची मात्र यादी नसते. संग्राहक गेल्यावर मुले ती उघडतात, चार चेहरे ओळखतात, बाकीचे रद्दीवाल्याच्या तराजूवर जातात. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने चित्रपटाचे नाव, वर्ष, कोठून आणि किती रुपयांस घेतले एवढे लिहावे, आणि त्याची नक्कल घरच्या कागदपत्रांत ठेवावी. कोणी सांभाळणारे नसेल, तर पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था चित्रपटांखेरीज छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन करते. तेथे पत्र धाडताना यादी सोबत जोडली, तर काम लवकर मार्गी लागते.