चमचा आमचा, माप कुणाचं?

वस्तीतलं पोर औषध पाजूनही बरं झालं नाही, की पहिला आरोप आईवर. बाई अडाणी, नीट पाजलंच नसणार. हे दवाखान्यातला कंपाउंडर बोलतो, शिकलेला शेजारी बोलतो. आणि खोटं कशाला बोला, आपल्यातली नोकरीला चिकटलेली, सोसायटीत राहायला गेलेली मंडळीही हेच बोलतात. त्या बाईच्या हातात माप कुणी दिलं होतं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिला मिळतं काय? एक चिठ्ठी, जिच्यावरचं अक्षर केमिस्टशिवाय कुणाच्या बापाला लागत नाही. एक बाटली, जिच्यावरचं बारीक लिखाण इंग्रजीत. आणि तोंडी हुकूम : एक-एक चमचा तीन वेळा. कुठला चमचा? तिच्या मांडणीवर चहाचा चमचा आहे, पोहे खायचा आहे, लग्नात आलेल्या सेटमधला आहे. डॉक्टरच्या डोक्यातला चमचा 5 मिलिलिटरचा. घरातला चमचा 3 चा निघतो, नाहीतर 7 चा. एकाच घरातल्या दोन चमच्यांत दुपटीचा फरक, आणि त्यावर पोराचा जीव तोलायचा.

हिशेबच मांडू, म्हणजे राग उगाच नाही हे कळेल. तापाचं पॅरासिटामॉल घ्या. प्रत्येक घरात असतं. त्याचा डोस पोराच्या वजनावर ठरतो. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसरात्र मिळून चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 8 किलोच्या पोराला एका वेळी 80 ते 120 मिलिग्रॅम. आता बाजारात याच औषधाच्या किती तऱ्हा आहेत बघा. एका बाटलीत 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम. दुसरीत तेवढ्याच 5 मिलिलिटरला 250. आणि थेंबांची छोटी बाटली असते, तिच्यात 1 मिलिलिटरलाच 100. रंग लाल, चव गोड, नाव जवळपास तेच. पहिल्या बाटलीतलं जेमतेम 5 मिलिलिटर, दुसरीतलं त्याच्या निम्मं आणि थेंबांच्या बाटलीतलं फार तर 1.2 मिलिलिटर, एवढं त्या पोराला पुरतं. बाईनं सांगितल्याप्रमाणं थेंबांच्या बाटलीतला एक चमचा पाजला, तर पोटात 500 मिलिग्रॅम गेलं. चौपट. असं दोन दिवस चाललं की लिव्हरवर येतं. वर सर्दीचं म्हणून दिलेल्या दुसऱ्या बाटलीतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच. ते कोण सांगणार तिला?

उलटंही होतं. औषध जास्त होईल या भीतीनं बाई अर्धाच चमचा देते. ताप उतरत नाही. मग 'ह्या औषधाला गुण नाही' म्हणून गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या डॉक्टरकडं इंजेक्शनला पळायचं, दिवसाची मजुरी बुडवायची.

मित्रांनो, माप कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र छापलं गेलं. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या टिपणांत घेतलं आहे. शिक्षकाची बायको बाळंत होऊन दोन दिवस झालेले, छाती भरून आलेली, श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. मिनतवाऱ्या केल्या, फीची हमी दिली, तेव्हा आला तो वस्तीबाहेर. बाईला तिथं आणून निजवलं. त्यानं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, मुसलमानानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. त्याच वाटेनं तो परत गेला. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला, न्यूमोनिया म्हणाला आणि निघून गेला. पुढं तो आला नाही. बाई मेली.

आज थर्मामीटर आपल्या हातात येतो, बाटलीही येते. पण बाटलीवर काय लिहिलंय ते अजून तिसऱ्यानंच वाचून सांगायचं. केमिस्टचा पोऱ्या सांगेल ते खरं. वस्तीबाहेर उभा राहिलेला तो डॉक्टर आता इंग्रजी अक्षर होऊन बाटलीवर बसला आहे.

आणि आमची माणसं मोजू शकत नाहीत, ही थाप आहे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली. सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रोग्यांच्या आयाबापांवर, भावाबहिणींवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांपर्यंत गेलेलं होतं, ते साडेतीनच्या आसपास आलं. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना तान्ह्या बाळांचे श्वास मोजायला, वजन घ्यायला, औषध द्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. म्हणजे हातात माप द्या, ते आपल्या भाषेत समजावा, आमच्या बाया कुठल्याही नर्सच्या तोडीचं काम करतात.

खरं तर मोजण्यात चुकतंय कोण? 2025 साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडं वीसहून जास्त लेकरं खोकल्याच्या औषधानं मेली. कित्येकांनी नागपूरच्या दवाखान्यांत शेवटचा श्वास घेतला. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष औषधात 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये. तपासणीत सापडलं 48.6 टक्के. त्या आयांनी चमचा अगदी काटेकोर भरला असता तरी काय फरक पडला असता? हेच विष 1986 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं, 14 रोगी मेले, न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, जाडजूड अहवाल आला. त्यालाही आता चाळीस वर्षं होत आली. आईनं अर्धा चमचा जास्त दिला तर ती अडाणी. कारखान्यानं आणि सरकारी तपासनिसानं मोजलंच नाही तर ती 'दुर्दैवी घटना'.

म्हणून आपली मागणी साधी आहे. प्रत्येक बाटलीवर मराठीत डोस लिहा, ठळक अक्षरात, मिलिलिटरमध्ये. प्रत्येक बाटलीबरोबर खुणा असलेली, बिनसुईची पाजायची सिरिंज फुकट द्या. चिठ्ठीवर डॉक्टरनं पोराचं वजन आणि किती मिलिलिटर ते लिहिलंच पाहिजे. 'चमचा' हा शब्द चिठ्ठीवरून हद्दपार करा. आणि लहान पोरांचं पॅरासिटामॉल एकाच ताकदीचं करा. अमेरिकेतल्या कंपन्यांनी 2011 साली ठरवलं, बाळ असो की मोठं मूल, 5 मिलिलिटरला 160 मिलिग्रॅम. तिथं जमतं, इथं का नाही?

मागणी मान्य होईपर्यंत पोरं तापायची थांबत नाहीत. तेव्हा आपल्यालाही कामाला लागावं लागेल. 14 एप्रिलला एका डीजेचं जे भाडं आपण मोजतो, त्यात अख्ख्या वस्तीला घरटी एक सिरिंज येईल. विहारात आयाबायांना बोलवा, बापांनाही बोलवा, पाण्यानं मोजून दाखवा. पोराचं वजन अंगणवाडीत होतं, ते कार्डावर बघायला शिकवा. बाटली हलवायची, खूण डोळ्यासमोर धरून बघायची. पोराला मांडीवर बसतं धरायचं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावायची आणि थोडं थोडं सोडायचं. नाक दाबून, आडवं पाडून घशात ओतायचं नाही, औषध श्वासात जातं. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळायचं नाही. दूध उरलं की डोसही उरला. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावायचा नाही. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच. दिलेल्या डोसाची वेळ भिंतीवर लिहा, म्हणजे आई कामावर गेली तरी आजी परत पाजणार नाही. ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते, ती पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ पोराला भोवतं. दोन वर्षांखालच्या पोराला खोकल्या-सर्दीचं औषध नकोच. 2025 साली केंद्राच्या आरोग्य खात्यानंही तेच सांगितलं. आणि तीन महिन्यांच्या आतलं पोर तापलं, तर घरी बाटली उघडत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

हे काम कुणाला बारीकसारीक वाटेल. मोर्चात घोषणा देण्याइतका त्यात आवाज नाही. पण चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते ओंजळभर पाण्यासाठीच, आणि त्या ओंजळीवर सगळ्या माणूसपणाचा हक्क अवलंबून होता. 5 मिलिलिटरलाही आपण तेवढ्याच गंभीरपणे घेतलं पाहिजे.

आणि यापुढं कुणी आपल्या आयाबहिणींना अडाणी म्हणालं, तर गप्प बसू नका. त्याच्या समोर बाटली धरा आणि विचारा : किती द्यायचं, ते हिला वाचता येईल असं कुठं लिहिलंय, दाखव.

जय भीम.