किल्ली कोणाच्या हाती?

मीरा-भाईंदरच्या एखाद्या कुटुंबाने लग्नाची जुनी डीव्हीडी पाहण्यासाठी पहिला ‘रास्पबेरी पाय’ जोडला, तर चित्र अडखळेल. दोष यंत्राचा नव्हे. २०१२ साली आलेल्या या बँकेच्या कार्डाएवढ्या संगणकाच्या चिपमध्ये डीव्हीडीचे ‘एमपेग-२’ चित्रण उलगडणारी यंत्रणा होतीच. मात्र ती कुलूपबंद होती. प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधलेली किल्ली २.४० पौंडांना स्वतंत्र घ्यावी लागे.

संशोधकाला मोबदला मिळायलाच हवा आणि ज्याला गरज, त्यानेच पैसे मोजावेत, ही व्यवस्था प्रामाणिकही होती. तथापि, स्वतःच्या मालकीच्या वस्तूचा एक कप्पा दुसऱ्याच्या परवानगीने उघडावा, याला स्वावलंबन म्हणत नाहीत. ‘एमपेग-२’ची अमेरिकेतील पेटंटे २०१८ मध्ये संपली, तो प्रश्न मिटला. पण नव्या मोबाइलमधील ‘एचईव्हीसी’ चित्रणावर अनेक पेटंटधारकांचे हक्क आहेत. याउलट २०१८ मध्येच ‘एव्ही-१’ हा संकेत स्वामित्वशुल्काविना खुला करण्यात आला.

शाळा, संस्था आणि कुटुंबांनी आपल्या स्मृती साठवताना यंत्राची किंमत जरूर पाहावी. परंतु त्या स्मृतींची किल्ली कोणाच्या हाती राहणार, हे त्याआधी विचारावे.