परवाना मिळेल, शस्त्र पेलेल काय?

दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या अमानुष अत्याचाराने अवघा देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुधनिर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा चर्चा झाली ती किमतीची. हे शस्त्र रोज जवळ बाळगणाऱ्या व्यक्तीने ते कसे पेलावे, हा खरा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

जिवाला धोका असलेला नागरिक १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना मागू शकतो. ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. त्यामुळे त्याची निवड बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर की त्याच बोअरचे ‘अशनी’सारखे पिस्तूल, एवढ्यापुरतीच उरते. पिस्तूल चपटे असते, कपड्यांखाली सहज झाकते आणि त्यात गोळ्याही अधिक मावतात. पण ते अडकले, तर मोकळे करण्याचा सराव हाताला हवा. रिव्हॉल्व्हर जाडजूड, सहाच गोळ्यांचे. मात्र एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा घोडा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. ज्याला वरचेवर सराव शक्य नाही, त्याला हा साधेपणाच तारतो.

वजनाविषयीही असाच गैरसमज आढळतो. हलके शस्त्र वागवायला सोपे, पण झाडताना त्याचा धक्का हाताला अधिक बसतो आणि नेम ढळतो. कानपूरचेच ‘प्रबळ’ हे २०२३ साली आलेले रिव्हॉल्व्हर सुमारे सातशे ग्रॅमचे आहे. दोहोंपैकी कोणते घ्यावे, हे जाहिरातीने नव्हे, तर घेणाऱ्याच्या मनगटाने ठरवावे. ज्या हाताला घोडा पूर्ण ओढवत नाही, त्या हातातील किमती शस्त्र हल्लेखोराच्याच हाती जाण्याचा धोका मोठा.

शस्त्र कोठे बाळगावे, याचा विचार तर खरेदीपूर्वीच व्हायला हवा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ते म्यानात, पूर्णतः झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. मिरवणे वा उगारणे यांस सक्त मनाई आहे. म्हणजे झाकून बाळगणे ही येथे चलाखी नसून कायद्याने घातलेली मर्यादा आहे. पर्सच्या तळाशी, किल्ल्या आणि रुमालाखाली दडलेले रिव्हॉल्व्हर ऐनवेळी हाती लागत नाही. आणि पर्सच हिसकावली गेली, तर शस्त्रही गेले. घरी परतल्यावर ते कुलूपबंद पेटीत गेले पाहिजे. उशीखाली ठेवलेले शस्त्र चोराआधी घरातल्या लेकराच्या हाती लागते.

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ आत्मसंरक्षणाचा हक्क देतात. पण त्याला सीमाही घालतात. आवश्यकतेहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही. गाडी ओलांडण्यावरून झालेल्या बाचाबाचीत कंबरेकडे गेलेला हात हा संरक्षणाचा हात नव्हे. म्हणून ज्याचा राग अनावर, ज्याला मद्याचे व्यसन, त्याने परवान्याच्या वाटेला न जाणे हेच त्याच्या कुटुंबाचे खरे रक्षण होय.

खंडेनवमीला मराठी घरांत शस्त्रांची पूजा होते. त्या पूजेआधी शस्त्र पुसून स्वच्छ करावे लागते. हीच शिस्त वर्षभर पाळावी लागते: परवान्याच्या चौकटीत राहून प्रशिक्षकाकडे नियमित सराव, शस्त्राची निगा आणि मनावर ताबा. एवढी सिद्धता ज्या घरात नाही, तेथे भक्कम दार, जागरूक शेजार आणि ११२ हा क्रमांक यांवर विसंबणे अधिक शहाणपणाचे. ज्या घरात ती आहे, त्याने शस्त्र जरूर घ्यावे. मात्र ते कधीही वापरावे लागू नये, अशीच इच्छा मनात धरून!