शहरातील मुके रहिवासी

खेड्यात जनावरांसाठी फारसे नियम करावे लागत नाहीत. परसात गोठा असतो, गावाबाहेर गायरान असते, आणि कुत्रे अंगणात पडून राहिले तरी कोणाची वाट अडत नाही. शहरात मात्र एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन कुटुंबे नांदतात. एकाचे कुत्रे रात्रभर भुंकले, तर दुसऱ्याच्या घरातील आजारी माणसाची झोप मोडते. म्हणून शहरात जनावरे पाळावयाची तर नियम हवेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो नियम कसा असावा, हा. मुंबई शहराच्या इतिहासात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर १८३२ सालचे आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी कोणताच खात्रीचा उपाय नव्हता. पाश्चरची लस पुढे १८८५ साली आली. तेव्हा मोकाट कुत्र्यांची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. सरकारने उन्हाळ्यात अशी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास आठ आणे इनाम ठेवले. येथेच घोडे पेंड खाऊ लागले! शिपायांचे लक्ष कुत्र्यापेक्षा आठ आण्यांवर अधिक राहिले. मोकाट कुत्रे चपळ. ते सहसा हाती लागत नाही. दारात निजलेले पाळीव कुत्रे मात्र हाक मारताच शेपूट हालवीत जवळ येते. शिपाई लोकांच्या घरांत शिरून पाळलेली कुत्रीही नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. मृताच्या अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. ६ जून रोजी कोटातील पारशी लोकांनी शिपायांना अडविले आणि मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी व्यवहार बंद पडले, जमाव खवळला आणि अखेर लष्कर बोलवावे लागले.

दंगा करणे योग्य नव्हे, हे उघड आहे. परंतु जीव घेतल्याबद्दल जेथे नगद पैसे मिळतात, तेथे नियम राबविणाऱ्याचा विवेक किती काळ टिकणार? दोष केवळ शिपायांचा नव्हता. तो त्या हुकुमाच्या रचनेतच होता.

दुसरे उत्तर शंभराहून अधिक वर्षांनी मिळाले. त्या वेळी मुंबईच्या दाट वस्तीत म्हशींचे तबेले होते. शेणाची घाण, माश्यांचे थवे आणि दुधातले पाणी यांनी नागरिक त्रासून गेले होते. म्हशींचे हालही काही कमी नव्हते. अंधाऱ्या, कोंदट जागेत त्या उभ्या असत; आणि दूध आटले की पोसणे परवडत नाही म्हणून कित्येकींची रवानगी कसाईखान्यात होई. तबेले बंद करा, एवढा हुकूम काढून सरकारला हात झटकता आले असते. तसे न करता १९४९ साली गोरेगावजवळ आरे येथे दुग्धवसाहत उभारण्यात आली. गोठे, चारा आणि दूध संकलनाची सोय तेथे करण्यात आली, आणि गवळ्यांना जनावरांसह जागा मिळाली. या कामात दारा खुरोडी यांचा वाटा मोठा होता. सर्वच तबेले हलले नाहीत, हे खरे. तरीही येथे ‘नको’ या शब्दापाठोपाठ ‘मग कोठे?’ याचा विचार झाला होता.

आज कुत्रे पाळणाऱ्यास मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि कुत्र्यास रेबीजची लस टोचावी लागते. पुष्कळांना हा कटकटीचा मामला वाटतो. वस्तुतः पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असला, तरी नियम बांधतो तो धन्याला. हौसेने पिलू आणावयाचे आणि घर बदलताना ते रस्त्यावर सोडून द्यावयाचे, असे करणारी माणसे नसती, तर मोकाट कुत्र्यांच्या संख्येत थोडी तरी घट झाली असती.

रस्त्यावरील कुत्र्यांविषयी २०२३ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांना अन्न घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर असावी, असे त्यांत सांगितले आहे. आता ती जागा नेमकी कोणती, हे ठरविण्यासाठी कुत्र्यांना घास घालणाऱ्यांनी आणि त्यांना भिणाऱ्यांनी एकदा एकत्र बसावे लागते. कुत्र्यांवरून होणाऱ्या भांडणांत बहुधा तेवढेच राहून जाते.