जीपीएस असताना लेझर कशाला?

समुद्राची पातळी १९९३ पासून वर्षाला सरासरी तीन-साडेतीन मिलिमीटरने वाढते आहे, असं आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. पण हा आकडा येतो कुठून? टोपेक्स/पोसायडन, जेसन आणि आताचे सेंटिनेल-६ हे उपग्रह १३३६ किलोमीटर उंचीवरून रडारने पाण्यापर्यंतचं अंतर मोजत आले आहेत. ठीक. पण उपग्रह स्वतः नेमका किती उंचीवर आहे? त्यात दोन सेंटिमीटरची चूक झाली, तर ती जशीच्या तशी समुद्राच्या उंचीत उतरणार.

आता म्हणाल, त्यात काय, जीपीएस लावा की! लावतातच. डोरिस नावाची फ्रेंच रेडिओ यंत्रणाही असते. पण त्याबरोबर हे उपग्रह आणखी एक अगदी साधी वस्तू घेऊन जातात, ती म्हणजे काचेचे लोलक. त्यांच्या तीन बाजू एकमेकींना काटकोनात असल्यामुळे प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत जातो. जमिनीवरून लेझरचा झटका मारायचा, तो परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, बस्स. ना बॅटरी, ना सॉफ्टवेअर.

बस्स म्हटलं खरं, पण एक नॅनोसेकंद चुकला तर अंतर पंधरा सेंटिमीटरने चुकतं. १९६४ साली नासाच्या गोडार्ड केंद्राने एक्सप्लोरर-२२ वर हा प्रयोग पहिल्यांदा केला, तेव्हा चूक काही मीटरची होती. आज चांगल्या स्टेशनची चूक एका सेंटिमीटरच्या आत येते. शिवाय उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर पळत असतो, त्यामुळे परतीचा प्रकाश दुर्बिणीपासून काही दशक मीटर बाजूला पडतो. म्हणून बऱ्याच लोलकांचा काटकोन मुद्दाम किंचित बिघडवतात, म्हणजे प्रकाश थोडा पसरतो. मुद्दाम ठेवलेला बग! मला हे फार आवडतं.

ही साधी काच किती उपयोगाची आहे, हे युरोपच्या ईआरएस-१ ने दाखवून दिलं. जुलै १९९१ मध्ये तो वर गेला. कक्षा मोजण्यासाठी त्यावर प्रारे नावाचं खास मायक्रोवेव्ह उपकरण होतं, ते उड्डाणानंतर थोड्याच काळात बंद पडलं. मग अचूक कक्षा काढायची जबाबदारी मुख्यतः लेझर स्टेशनांवर आली आणि २००० पर्यंत त्या उपग्रहाचा डेटा वापरता आला. अमेरिकन नौदलाच्या जिओसॅट फॉलो-ऑनची (१९९८) तीच कथा. त्याचे जीपीएस रिसीव्हर धड चाललेच नाहीत, आणि लेझरने त्याला तारलं.

पण माझ्या मते बॅकअप हा दुय्यम मुद्दा. उपग्रहावरचा जीपीएस नीट चालत असतानाही लेझर हवाच. कारण जीपीएसच्या डेटावरून काढलेली कक्षा जीपीएसच्याच डेटाने तपासणं म्हणजे ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्टिंग करून सर्टिफिकेट देणं. म्हणून पुष्कळदा लेझरची मोजमापं हिशोबात न घेता बाजूला ठेवतात, आणि तयार झालेली कक्षा त्यांच्याशी ताडून बघतात. शिवाय ‘पृथ्वीचा मध्य’ कुठे आहे, ज्याच्यापासून सगळ्या उंच्या मोजायच्या, तोही लॅजिओसारख्या उपग्रहांवर लेझर मारूनच ठरवला जातो. लॅजिओ १९७६ सालचा, साठ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू, ४२६ लोलक जडवलेला. तो अजून वर आहे आणि अजून कामाचा आहे.

तोटे आहेतच. ढग आले की काम बंद. (आपल्या जून ते सप्टेंबरात अशा स्टेशनाचं काय होईल, कल्पना करा!) एक उपग्रह स्टेशनाला एका वेळी काही मिनिटंच दिसतो. मधल्या काळाची कक्षा गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध, सूर्यप्रकाशाचा दाब यांच्या मॉडेलवरून भरावी लागते. बहुतेक स्टेशनं उत्तर गोलार्धात आहेत, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या याराग्गाडीसारख्या दक्षिणेकडच्या स्टेशनावर फार भार पडतो.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की नवा उपग्रह सोडताना त्याच्या बजेटमध्येच जमिनीवरच्या स्टेशनांचा वाटा धरला पाहिजे. उड्डाणाचे फोटो छापून येतात, रात्रपाळीला दुर्बिणीजवळ बसलेल्या माणसाचे येत नाहीत, त्यामुळे कात्री कुठे लागते ते उघड आहे. आपला यात संबंध नाही असंही नाही. २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो आणि फ्रान्सचा ‘सरल’ समुद्राची उंची मोजायलाच गेला, आणि त्यावर डोरिसच्या जोडीला हे लोलकही होते.

एन्व्हिसॅटचं आठवतं? आठ टनांचा युरोपियन उपग्रह, एप्रिल २०१२ मध्ये अचानक गप्प झाला. कमांड पाठवून उपयोग नाही, काही उत्तरच नाही. स्टेशनांनी त्यानंतरही त्यावर लेझर मारला, लोलकांनी उत्तर दिलं, आणि तो वर कसा गरगरतो आहे हे त्यावरून कळलं.