सूर बदलला म्हणजे बिघडला का?

स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी पार्श्वसंगीत निवडण्याचे काम यंदा अकरावीच्या मुलांकडे दिले आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्यापैकी एकाने शिक्षक कक्षात येऊन मोबाइलवर एक तुकडा ऐकवला. आधी पियानोचे मोजके सूर, मग मागून चढत येणारी घरघर आणि शेवटी गिटारचा खरखरीत आवाज. आमच्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "अरे, हे संगीत आहे की गिरणी?" तेवढ्यात त्या मुलाचा मित्र म्हणाला, "बाई, यांची जुनी गाणी भारी होती. आता ते पूर्वीसारखे राहिले नाहीत."

एकाच बँडवर एकाच मिनिटात दोन आरोप! बाईंच्या मते हे संगीतच नाही आणि मित्राच्या मते ते होते, पण बिघडले. मी सुट्टीत या बँडचे अल्बम क्रमाने ऐकले. बँडचे नाव 'नाइन इंच नेल्स'. ऐकल्यावर मला दोन्ही आरोप पटले नाहीत, म्हणून हा लेख.

आधी बाईंचे म्हणणे घेऊ. या संगीताला 'इंडस्ट्रियल' म्हणतात. हे नाव १९७६ साली ब्रिटनमध्ये 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी काढलेल्या 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' या कंपनीवरून रूढ झाले. पुढे बर्लिनमधल्या एका बँडने पत्रे आणि ड्रिल मशीनसुद्धा वाद्य म्हणून वापरली. कारखान्याचे आणि शहराचे आवाज दिवसभर आपल्या कानावर पडतात, तर त्यांना संगीतात मज्जाव का, असा या लोकांचा प्रश्न होता. आपल्या इंदूरच्या ज्या आजी-आजोबांनी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावले, त्यांना तो प्रश्न अगदीच परका वाटू नये. तेव्हा 'गिरणी' हा शब्द बाईंनी टीका म्हणून वापरला असला, तरी वर्णन म्हणून तो अचूक आहे!

या बँडचा कर्ता ट्रेंट रेझ्नर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले मर्सर हे त्याचे छोटे गाव. लहानपणी तो पियानो शिकला आणि शाळेच्या बँडमध्ये सॅक्सोफोन व ट्युबा वाजवायचा. पुढे क्लीव्हलंड शहरातल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ते काम करताना, काम संपल्यावर रात्री स्टुडिओ वापरण्याची मुभा त्याला मिळाली. त्या रात्रींतून १९८९ साली 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम आला. त्यात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन हेच मुख्य, गिटार मिठापुरती. १९९२ च्या 'ब्रोकन'मध्ये मात्र गिटारची भिंतच समोर उभी राहते. १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल'मध्ये त्याने गिटारचा आवाज संगणकात घालून असा मोडला, की गिटार कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होते हे कळत नाही.

याच अल्बमच्या शेवटी 'हर्ट' नावाचे गाणे आहे. २००२ साली जॉनी कॅश या सत्तर वर्षांच्या गायकाने ते साधी गिटार आणि पियानो घेऊन गायले. सगळी घरघर काढून टाकली, तरी गाणे ताठ उभे राहिले. बाईंना माझे उत्तर एवढेच आहे. नुसता गोंगाट असता, तर गोंगाट काढल्यावर मागे काहीच उरले नसते.

आता मित्राची तक्रार. १९९४ चा अल्बम तुफान चालला. तसाच दुसरा काढणे सोपे होते. पण १९९९ साली 'द फ्रॅजाइल' हा दुहेरी अल्बम आला, त्यात पियानो आणि शांत, शब्दांवाचूनचे तुकडे भरपूर. त्यानंतर मोठा खंड पडला. रेझ्नर दारू आणि अमली पदार्थांत पुरता अडकला होता. २००१ मध्ये तो त्यातून बाहेर पडला आणि २००५ च्या अल्बमचा आवाज सरळ, मोकळा झाला. २००८ मध्ये 'घोस्ट्स' आला, त्यात छत्तीस तुकडे आणि गाण्याचा एक शब्द नाही. २०१८ च्या 'बॅड विच'मध्ये तर सॅक्सोफोन ऐकू येतो, म्हणजे शाळेत शिकलेले वाद्य पन्नाशीत कामी आले! जोडीदार अ‍ॅटिकस रॉससह त्याला 'द सोशल नेटवर्क'साठी २०११ मध्ये ऑस्कर मिळाले. 'सोल'साठी २०२१ मध्ये पुन्हा मिळाले, त्या वेळी जॉन बॅटिस्टही सोबत होते. २०२५ मध्ये 'ट्रॉन: एरिस' या चित्रपटाचे संगीत बँडच्याच नावाने आले आणि त्यात पुन्हा यंत्रे पुढे आहेत.

मित्राचे एक म्हणणे मला मान्य आहे. १९९४ चा तो धक्का पुढच्या एकाही अल्बममध्ये तसा बसत नाही. पण धक्का बसणे आणि संगीत चांगले असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. बाजाराकडे पाहून बदलणारा कलाकार स्वतःचे मूळही सोडून देतो. इथे ते सुटलेले नाही. पियानोवर सहज वाजेल अशी चार-पाच सुरांची छोटी ओळ आणि तिच्यावर चढत जाणारे आवाजांचे थर, हा सांगाडा जुन्या अल्बममध्येही सापडतो आणि नव्यातही. कपडे बदलले, चाल तीच आहे. आणि त्या काळोखातून सुटलेल्या माणसाने तोच काळोख जन्मभर आळवावा, अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

पालकांना एक सांगायला हवे. यातली सगळी गाणी शाळेत लावण्यासारखी नाहीत. शब्दांत संताप आहे, निराशा आहे. पण मुलगा ते ऐकत असेल, तर दार लावून घेऊ नका. शेजारी बसून ऐका आणि काय आवडले ते त्याला विचारा. एरवी न होणारे बोलणे त्या निमित्ताने होईल.

मुलांनी निवडलेला तो तुकडा 'घोस्ट्स'मधला आहे. नाव देऊन आणि पैसे न कमावता तो वापरण्याची परवानगी बँडनेच दिलेली आहे. आपल्या संमेलनाला तिकीट नसते, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत नाव छापले की झाले. बाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे. त्यांच्या शेजारची खुर्ची त्या मित्राची. नाटक संपल्यावर दोघांनीही आपापले मत पुन्हा एकदा सांगावे, एवढीच विनंती.