काळा पाषाण व रंगीत फरशी

वास्तूची शोभा अलंकारात की बांध्यात, हा प्रश्न आम्ही सुज्ञ वाचकांपुढे ठेवितो. सिनान या स्थपतीने सोळाव्या शतकात इस्तंबूल येथे उभारिलेल्या रुस्तुम पाशाच्या मशिदीच्या भिंती इझनिकच्या झिलईदार फरश्यांनी मढविल्या आहेत. त्यांवरील लाल-निळी फुले आजही टवटवीत भासतात. दौलताबादेस १४४५ साली बांधलेल्या चांदमिनारावरही इराणी धाटणीच्या अशाच फरश्या होत्या. त्यांपैकी फारच थोड्या उरल्या. आमच्या जालन्यात जमशेदखानाने बांधविलेली काळी मशीद मात्र नावाप्रमाणेच काळ्या पाषाणाची. तिची घडण हाच तिचा अलंकार. तथापि दगडावर नावे कोरणारा हात तिलाही घातकच. मुलांस ही स्थळे अवश्य दाखवावी. आणि उपासना निराळी म्हणून वारसा परका ठरत नाही, हेही सांगावे.